पल्ल्याचा आकडा आणि नेमाची मर्यादा

शरद ऋतू लागला, की अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोन्टाना यांसारख्या राज्यांत हरणांच्या आणि ‘एल्क’ या सांबराच्या जातीतील धिप्पाड प्राण्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. सरकारी परवाने निघतात, बंदुकांना तेलपाणी होते आणि शिकारी साहित्याच्या दुकानांतून गर्दी उसळते. गेल्या तीन दशकांत या साहित्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. लेसर किरणाने अंतर मोजणारे हे छोटे यंत्र रेंजफाइंडर या नावाने ओळखले जाते. ते तळहातावर मावते, एका डोळ्याने पाहावयाच्या दुर्बिणीसारखे दिसते. डोळ्याला लावून कळ दाबली, की समोरच्या वस्तूचे अंतर आत उमटते. त्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो तो पल्ल्याचा आकडा. कोणाचा पल्ला हजार यार्ड, कोणाचा दोन हजार, तर कोणाचा त्याहूनही अधिक. आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, अशी ग्राहकाची समजूत असते आणि ती दूर करण्याची घाई विक्रेत्याला नसते.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणि शिकारीसाठी यांतील कोणते यंत्र निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी माणसांच्या आवडीनिवडीचा वाटतो. भारतात तर तो उद्भवतच नाही, असेही कोणी म्हणेल. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा छंद आपल्याकडे संपुष्टात आणला. आपल्याकडील नेमबाजीच्या परिचित प्रकारांनाही या यंत्राची गरज नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले, ते पन्नास मीटर रायफलच्या प्रकारांत. तेथे लक्ष्याचे अंतर नियमानेच ठरलेले असते. ते मोजावे लागत नाही. परंतु हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. छापील आकड्यावर ग्राहकाने किती विश्वास ठेवावा आणि त्या विश्वासाची किंमत कोण मोजतो, असा तो अधिक व्यापक प्रश्न आहे. त्या दृष्टीने हे उदाहरण तपासण्याजोगे आहे.

किरणाचा जाऊन-येऊन प्रवास

यंत्रामागील तत्त्व सोपे आहे. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत पहिला लेसर प्रकाशित केला आणि थोड्याच काळात अंतर मोजण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू झाले. प्रकाशाचा वेग ठाऊक आहे. तेव्हा किरण सोडल्यापासून तो वस्तूवर आपटून परत येईपर्यंत किती वेळ लागला हे कळले, की अंतर निघते. सहाशे मीटरांवरील वस्तूपर्यंत जाऊन परतण्यास किरणाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपट एवढाच वेळ लागतो. त्यात एका मीटरचा फरक ओळखावयाचा, तर घड्याळाने सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा हिशेब ठेवला पाहिजे. प्रारंभी हे काम लष्कराच्या अवजड आणि महागड्या साधनांनाच जमत असे. पुढे अर्धवाहकांचे लेसर स्वस्त झाले आणि १९९० च्या दशकात हे यंत्र सामान्य शिकाऱ्याच्या खिशात आले. आपल्या महामार्गांवर वाहनांचा वेग मोजणारी पोलिसांची लेसर गन याच तत्त्वावर चालते.

शिकाऱ्याला अंतर हवे असते, कारण गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून बाहेर पडताक्षणी ती पृथ्वीकडे ओढली जाऊ लागते आणि हवेच्या विरोधामुळे तिचा वेग घटत जातो. म्हणून जसजसे अंतर वाढते, तसतशी तिची उतरण अधिकाधिक तीव्र होते. १९५२ पासून प्रचारात असलेल्या ‘.३०८ विंचेस्टर’ या काडतुसाचे उदाहरण घेता येईल. सुमारे आठशे मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेली त्याची जड गोळी साडेपाचशे मीटरांवर पोचेपर्यंत इतकी कललेली असते, की अंतराचा अंदाज तीस मीटरांनी चुकला तरी ती साधारण वीतभर वर किंवा खाली लागते. हरणाच्या छातीतील हृदय-फुप्फुसांचा भाग, जेथे गोळी लागली असता प्राणी तत्काळ मरतो, त्याचा व्यासच मुळी वीतभर. म्हणजे मध्यावर धरलेला नेम वीतभर ढळला, की गोळी एकतर पाठीवरून निघून जाते, नाही तर पोटात किंवा पायात शिरते.

डोळ्यांनी केलेला अंदाज तीस मीटरांनी चुकणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नव्हे. मधल्या दरीमुळे, संध्याकाळच्या उतरत्या प्रकाशामुळे, प्राण्याच्या लहानमोठ्या आकारामुळे अनुभवी माणसाचेही अंदाज फसतात. या यंत्राने तो अंदाज संपविला आणि त्या प्रमाणात प्राण्याच्या यातनाही वाचविल्या, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जे त्याला सरसकट नावे ठेवतात, ते या उपकाराकडे दुर्लक्ष करतात.

खोक्यावरील आकड्याचा अर्थ

आता खोक्यावरील आकड्याकडे वळू. तो खोटा असतो असे नाही. मात्र तो कोणत्या वस्तूबाबत खरा आहे, हे पाहावे लागते. अनेक उत्पादक माहितीपत्रकात तीन वेगवेगळे आकडे देतात. पहिला आकडा प्रकाश परावर्तित करणाऱ्या वस्तूचा, दुसरा झाडाचा आणि तिसरा हरणाचा. ठळक छापला जातो तो पहिला. तिसरा त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला आढळतो. रस्त्यावरील चमकत्या फलकाचा पृष्ठभाग किरणाला आला त्याच दिशेने परत धाडतो. हरणाचे केसाळ अंग तो सर्व दिशांना विखरून टाकते आणि त्याचा अत्यल्प भाग यंत्राकडे परततो. शिवाय किरणाचा झोत लक्ष्यावर पूर्ण मावत असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा प्रकाश एक-चतुर्थांश उरतो; पण झोत पसरून लक्ष्याहून मोठा झाला, म्हणजे तोच प्रकाश एक-षोडशांशावर येतो. त्यात भर दुपारचे ऊन, धुके, पाऊस अथवा हिमवर्षाव असेल, तर परतलेला क्षीण संकेत ओळखणे यंत्राला आणखी अवघड जाते.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. मोटारसायकल घेताना एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर जाईल याचा प्रमाणित आकडा सांगितला जातो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत ठराविक चाचणीत निघालेला तो आकडा त्या चाचणीपुरता अगदी खरा असतो. पण चाचणीत मागे कुटुंब बसलेले नसते आणि चौकाचौकांत लाल दिवा लागत नाही. जाणता ग्राहक म्हणूनच आपल्या रस्त्यावर किती मिळेल हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेतो. शिकाऱ्याचा रस्ता म्हणजे संधिप्रकाशातील डोंगरउतार आणि गवतात उभे असलेले करडे जनावर.

विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला मात्र ते तपासण्याचे साधन नाही, अशी स्थिती असलेल्या बाजारात चांगल्या मालाचीही कुचंबणा होते, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. या यंत्राच्या बाबतीत तपासणीची अडचण आणखी वेगळी आहे. दुकानाच्या दारात उभे राहून यंत्र रोखावे, तर समोर दिसतो तो रस्त्यापलीकडचा फलक किंवा इमारतीची भिंत. त्यांवर साधे यंत्रही झटकन आकडा दाखविते आणि महागही. त्यांच्यातील खरा फरक जेथे कळावयाचा, तेथे दुकान नसते. मग ग्राहक नाइलाजाने सर्वांत मोठ्या छापील आकड्याचा आधार घेतो आणि उत्पादकालाही तोच आकडा फुगविण्यात लाभ दिसू लागतो.

काय पाहून घ्यावे

वास्तविक पाहण्याजोग्या गोष्टी निराळ्याच आहेत. पहिली म्हणजे झोताचा पसारा. हजार मीटरांवर दोन मीटर रुंद होणारा झोत सहाशे मीटरांवर एक मीटर वीस सेंटिमीटर होतो. हरणाच्या छातीची उंची त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेला झोत प्राण्याच्या पुढील गवतावर किंवा मागील टेकडीवर पडतो आणि यंत्र अगदी आत्मविश्वासाने टेकडीचे अंतर सांगते. ही चूक एका यार्डाची नसते, पन्नास-शंभर यार्डांची असू शकते. ‘एक यार्डापर्यंत अचूक’ या दाव्याला यामुळेच फारसा अर्थ राहत नाही. यंत्र अचूक असते, परंतु भलत्याच वस्तूबाबत. अरुंद झोताचे यंत्र म्हणून अधिक मोलाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी लागलेली वस्तू सोडून पलीकडची मोजण्याची सोय. झुडपांच्या फांद्यांआड किंवा पावसात तिचा उपयोग होतो. उलट सपाट माळावरील फळीचे अंतर घेताना अलीकडची वस्तू मोजणे बरे. तिसरी म्हणजे कोनाचा हिशेब. गोळीच्या उतरणीसाठी डोंगरउतारावरील तिरपे अंतर उपयोगी नसते, पायाची आडवी लांबी लागते. तीस अंशांच्या उतारावर चारशे मीटर दिसणारे लक्ष्य नेमाच्या दृष्टीने सुमारे ३४६ मीटरांवरच असते. हे गणित स्वतः करणारे यंत्र डोंगराळ भागात आवश्यक समजावे. चौथी गोष्ट म्हणजे भिंगांची प्रत आणि आतील अंकांची ठेवण. जनावरे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. त्या प्रकाशात लक्ष्य दिसले नाही किंवा काळे अंक काळोखात मिसळले, तर पल्ल्याचा आकडा कितीही मोठा असून व्यर्थ. पाचवी म्हणजे स्थैर्य. दूरच्या लहान लक्ष्यावर झोत हाताने स्थिर राहत नाही. तिकाटण्यावर बसविता येणारे यंत्र त्या कामी सरस ठरते.

लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी हिशेब आणखी वेगळा होतो. इंग्लंडमधील बिस्ले येथील मैदानासारख्या ठिकाणी तीनशे, सहाशे, हजार यार्ड ही अंतरे आखून दिलेली असतात. तेथे हे यंत्र अनावश्यक होय. जेथे डोंगरकपारीत मांडलेल्या पोलादी फळ्यांचे अंतर स्पर्धकानेच काढावयाचे असते, तेथे अरुंद झोत आणि तिकाटणे यांचे पैसे वसूल होतात. शिकारीसाठी आणखी एक दक्षता हवी. अमेरिकेतील काही राज्यांत बंदुकीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांवर निर्बंध आहेत. तेव्हा दुर्बिणीतच अंतर मोजून निशाण दाखविणारे महागडे उपकरण घेण्यापूर्वी त्या राज्याचे नियम वाचणे शहाणपणाचे. हातात धरावयाचे स्वतंत्र यंत्र या कटकटीतून बहुधा सुटते.

किमतींचा पल्लाही मोठा आहे. शंभर-दोनशे डॉलरांपासून तीन हजार डॉलरांच्या पुढेपर्यंत ही यंत्रे मिळतात. येथे अर्थशास्त्रातील पूरक वस्तूंचा साधा नियम विसरता कामा नये. अंतरमापक, बंदूक, काडतूस, दुर्बीण आणि नेम धरणारा हात या एकमेकांना पूरक गोष्टी आहेत. भोके पडलेल्या घागरीत पाणी सर्वांत खालच्या भोकापर्यंतच टिकते. ज्याचा हात तीनशे मीटरांपलीकडे स्थिर नाही, त्याने दोन हजार मीटरांचे यंत्र घेतले म्हणून त्याचा नेम तीनशेच्या पुढे जात नाही. त्याच पैशांत त्याने काडतुसे घेऊन सराव केला, तर खालचे भोक तरी बुजेल.

जे यंत्र मोजत नाही

इथवर प्रश्न ग्राहकाच्या फायद्या-तोट्याचा होता. त्यापुढील भाग अधिक गंभीर आहे. यंत्र अंतर मोजते, पण अंतर ही अनेक अनिश्चित गोष्टींपैकी एकच होय. साडेपाचशे मीटरांच्या वाटेत ताशी सोळा किलोमीटर वेगाचा आडवा वारा त्या ‘.३०८’च्या गोळीला दोन फुटांहून अधिक बाजूला नेतो. शिकाऱ्याच्या गालाला लागणारा वारा आणि मधल्या दरीतला वारा एक नसतो आणि खिशातील यंत्र तो फरक सांगत नाही. गोळीला तेथे पोचण्यास पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या हरणाने एक पाऊल पुढे टाकले, तर छातीवर धरलेला नेम पोटावर येतो. हे पाऊल जगातील कोणत्याही यंत्राला आधी मोजता येणार नाही.

अडचण अशी, की एक अनिश्चितता नाहीशी झाली म्हणजे माणसाला सर्वच अनिश्चितता नाहीशा झाल्यासारखे वाटते. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ साली मोटारींतील सुरक्षा साधनांविषयी असा विचार मांडला होता, की सुरक्षितता वाढल्याची जाणीव झाली म्हणजे चालक अधिक धोका पत्करू लागतात आणि साधनाचा काही लाभ त्यात खर्ची पडतो. त्यांनी काढलेल्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले. तथापि त्यामागील मानवी स्वभावाचे निरीक्षण नाकारणे कठीण. दोनशे मीटरांवरून गोळी झाडणाऱ्या शिकाऱ्याने अंतरमापक वापरून तेथूनच झाडली, तर जखमी होऊन निसटणारी जनावरे कमी होतील. पण यंत्र हाती आले म्हणून त्याने सहाशे मीटरांवरून झाडली, तर यंत्राने वाचविलेली चूक वाऱ्याने आणि जनावराच्या पावलाने दामदुपटीने भरून निघते. मोठ्या पल्ल्याची जाहिरात नेमकी याच दुसऱ्या वर्तनाला उत्तेजन देते.

या चुकीची किंमत कोणाच्या खात्यावर पडते? विक्रेत्याच्या नाही, त्याचा माल खपलेला असतो. शिकाऱ्याच्याही फारशी नाही. जखमी प्राण्याचा शोध घ्यावा असे अनेक राज्यांचे कायदे सांगतात, परंतु तो सापडला नाही तर अनेक ठिकाणी परवाना शिल्लकच राहतो आणि शिकारी दुसऱ्या जनावराच्या मागे जाण्यास मोकळा असतो. सहाशे मीटरांवरून तर गोळी लागली की हुकली हेच पुष्कळदा समजत नाही. दरी उतरून, पलीकडचा चढ चढून रक्ताचा माग काढीपर्यंत अंधार पडतो. पोटात गोळी घेऊन झाडीत शिरलेला प्राणी तासन् तास तडफडून मरतो. त्याची नोंद ना परवान्यावर होते, ना खोक्यावरील माहितीत. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, यालाच अर्थशास्त्र बाह्य परिणाम म्हणते. येथे तो तिसरा दावा लावू शकत नाही, वर्तमानपत्रात पत्रही लिहू शकत नाही.

म्हणूनच खुद्द शिकाऱ्यांच्या संघटनांनी या प्रश्नाची दखल घेतली, हे महत्त्वाचे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारीत प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी असली पाहिजे, हे तत्त्व प्रथमपासून आग्रहाने मांडले. अतिदूरवरून गोळी झाडण्याच्या प्रथेविषयी या क्लबने नापसंती व्यक्त केली आहे. प्राण्याचे कान, नाक, डोळे ज्या अंतरापर्यंत धोका ओळखू शकतात, त्याच्या पलीकडून मारणे ही शिकार नव्हे, असा त्या भूमिकेचा आशय आहे. शिकारीला मुळातच विरोध असणाऱ्यांनी नव्हे, तर तिचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे म्हटले आहे.

याला लांब पल्ल्याच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असते, की मर्यादा अंतराची नसून कौशल्याची आहे. वर्षभर सराव करणारा, वारा वाचू शकणारा नेमबाज पाचशे मीटरांवरून जितका खात्रीने मारील, तितका अडाणी हौशी शंभरावरूनही मारणार नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. अमुक मीटरांपलीकडे झाडू नये, असा सर्वांना सारखा नियम त्यामुळेच घालता येत नाही. परंतु या युक्तिवादाचा तर्कशुद्ध शेवट मोठ्या आकड्याचे यंत्र घेण्यात होत नाही; प्रत्येकाने आपली मर्यादा आधी शोधण्यात होतो. आणि कितीही कौशल्य कमावले, तरी जनावराने पाऊल टाकायचे की नाही हे त्या कौशल्याच्या हाती नसते.

निवडीची कसोटी

तेव्हा यंत्र निवडण्याचा क्रम उलटा केला पाहिजे. दुकानात जाण्यापूर्वी मैदानावर जावे. बाकावर रायफल टेकवून, पाचपंचवीस गोळ्या झाडून तापलेल्या नळीने नव्हे, तर रानात मिळेल तशा बैठकीतून, थंड नळीने, धाप लागलेली असताना झाडलेली पहिलीच गोळी वीतभर व्यासाच्या फळीवर किती अंतरापर्यंत हटकून लागते, हे निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या वाऱ्यात तपासावे. जे अंतर निघेल, ते बहुतेकांच्या अपेक्षेहून बरेच कमी भरेल. तीच आपली मर्यादा समजावी. मग संधिप्रकाशात, हरणाच्या अंगावरून, त्या मर्यादेच्या दीडपटीपर्यंत भरवशाचे अंतर देणारे यंत्र घ्यावे. दीडपट अशासाठी, की मर्यादेच्या आत असलेले जनावर निःसंशय आत आहे आणि बाहेरचे निःसंशय बाहेर आहे, हे त्या यंत्राला सांगता आले पाहिजे. त्याहून अधिक पल्ल्यासाठी मोजलेला पैसा केवळ मिरविण्यासाठी मोजलेला असतो. मिरविणे हा गुन्हा नाही. पण त्याचे पर्यवसान गोळी झाडण्यात झाले, तर त्याची किंमत दुसराच चुकवितो.

उत्पादकांनाही एक गोष्ट सहज करता येईल. तीन आकड्यांपैकी हरणाचा आकडा खोक्यावर सर्वांत ठळक छापावा आणि झोताचा पसारा त्याच्या शेजारी द्यावा. यासाठी नवे संशोधन लागत नाही, आकड्यांची जागा बदलावी लागते. ज्या बाजारात प्रत्येक जण मोठा आकडा मिरवितो, तेथे एकट्याने असा प्रामाणिकपणा करणे तोट्याचे ठरते, हे खरे. त्यासाठी शिकारी संघटनांनी आणि शिकारी साहित्याची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी त्याच आकड्याची मागणी लावून धरली पाहिजे. ग्राहकाने योग्य आकडा विचारावयास सुरुवात केल्याखेरीज बाजार तो सांगू लागत नाही, हा अनुभव आपल्याकडील वजनमापांपासून वाहनांपर्यंत सर्वत्र आलेला आहे.

अंतरमापक हे मोजण्याचे साधन आहे. परवानगी देण्याचे नव्हे. डोळ्याला लावलेल्या यंत्रात मर्यादेबाहेरचा आकडा उमटला आणि शिकाऱ्याने चापावरचे बोट काढून घेतले, तर त्या हंगामातील त्याचे सर्वांत चांगले काम यंत्राने बजावले असे म्हणावे लागेल. त्या दिवशी शिकारी रिकाम्या हाताने परतेल. यंत्राचे पैसे मात्र त्याच दिवशी वसूल झालेले असतील.